आज आपलं कसंय?

—थुंकायचंच ना नुसतं? मग देते की. आयुष्यभर लोकांचे डाग काढले, एक नळीभर थुंकी द्यायला मला काय जड आहे? फक्त झालं काय मॅडम, तुम्ही दारात आलात आणि मी नेमका हा चहाचा घोट घेतला. हो, आत्ताच. आणि तुम्हीच म्हणालात, अर्धा तास आधी तोंडात काही जाता कामा नये, पाणीसुद्धा नाही — मग आली का पंचाईत. बसा आता. ते स्टूल नको, त्यावर पडद्यांचं बोचकं आहे, हे घ्या. अर्धा तास म्हणजे काय, दोन शर्ट आणि एक चादर. मी आपलं हातातलं काम करते, तोंड बंद ठेवते. म्हणजे चहापुरतं बंद. बोललं तर चालतं ना? चालतं. नशीब माझं. आमचे हे म्हणतात, देवानं तुझ्या तोंडाला बटण लावायचं विसरून तसंच पाठवून दिलं — लाँड्रीवाला माणूस, त्याला बटणाशिवाय दुसरं काय सुचणार. बाहेर गेलेत ते, व्हॅन घेऊन, हॉटेलच्या चादरी द्यायला. ते असते तरी काही बोलले नसते. आमच्या घरातलं सगळं बोलणं माझ्याच वाट्याला आलंय.

तो कोट काढा बघू तुमचा. अहो काढा, खिशाला शाई लागलीये. इस्पितळातल्या बाईनं असा कोट घालून हिंडायचं म्हणजे — आणि वर त्वचेच्या विभागातल्या. द्या इकडे. पैसे नकोत, तुम्ही आमच्या मुलीच्या कामाला आलात. काल तिची नळी घेतलीत म्हणे. पोहण्याच्या तलावावर जाऊन? मग तुम्ही बघितलंच असेल, कशी उभी असते ती — काठावर, शिट्टी गळ्यात, पोरं पाण्यात बेडकांसारखी, आणि हिच्या दोन्ही कोपरांवर, गुडघ्यांवर, पाठीवर ते लाल चट्टे, वर चांदीसारखे पापुद्रे, आणि तिला त्याचं सोयरसुतक नाही. मासोळी म्हणतात तिला सगळे. खवल्यांमुळं नाही हो, पोहण्यामुळं. म्हणजे आधी एका आगाऊ पोरानं खवल्यांमुळंच म्हटलं होतं, तर ही म्हणाली, हो, आहेतच, म्हणून तर मी तुझ्यापेक्षा जोरात पोहते. तेव्हापासून नाव पडलं. मी असते तर त्या पोराला बुडवला असता.

काय म्हणाली ती तुम्हाला? आईकडे जाऊ नका? — बघा. आईला त्रास देऊ नका म्हणाली ना? काळजी फार तिला माझी. पण तुम्ही आलात ते बरं केलंत. म्हणजे बरं म्हणजे, आलातच तर आता काय. इस्पितळाच्या जुन्या कागदात लिहिलेलंच असणार, आईलाही हाच आजार. मग तुम्ही तरी काय करणार, आईकडे येणारच. तुमचं बरोबर आहे.

सोरायसिस. हा शब्द नीट तोंडात बसायला मला वर्ष लागलं. आधी मी सोरायसी म्हणायचे, मग सारायसिस, मग म्हटलं जाऊ दे. आम्ही घरात तो शब्द वापरतच नाही. आम्ही 'आपलं' म्हणतो. हसू नका, खरंच. आज आपलं जरा जास्त लाल दिसतंय, आज आपलं बसलंय, थंडी पडली आता आपलं वर येणार. बाहेरच्या माणसाला कळत नाही कशाबद्दल चाललंय. एकदा तिची मैत्रीण जेवायला होती, तिला वाटलं आम्ही पाळलेल्या मांजराबद्दल बोलतोय. तिनं टेबलाखाली वाकून बघितलं.

कसं पडलं नाव? तेही सांगते, वेळ आहेच आपल्याकडे. चौदा वर्षांची होती. घसा आला होता, चांगला पू झालेला, आठवडाभर ताप. घसा बरा झाला आणि अंगावर हे उठलं. आधी पाठीवर बारीक बारीक, मग कोपरं, मग डोक्यात. डोक्यातलं आम्ही कोंडा समजलो. मी काय काय चोळलं त्या बिचारीच्या डोक्याला. आमचे हे म्हणाले, कोंड्याचा मांडा करतात असं ऐकलं होतं, तू तर नुसताच कोंडा वाढवून ठेवलास. शाळेत कुणी बाकावर शेजारी बसेना. लागतं म्हणे. कुणाचं कुणाला लागत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण मी तिच्याच उशीवर डोकं ठेवून झोपायला लागले. म्हटलं लागलं तर लागलं.

मग डॉक्टरकडे. तो डॉक्टर तरुण होता, चांगला होता, हात लावून बघितलंन तिला — ते मला फार आवडलं, तोवर सगळे लांबूनच बघायचे. आणि त्यानं विचारलं, घरात कुणाला आहे का असं? रक्तातून येतं बऱ्याचदा. आणि ती माझ्याकडे वळून बघायला लागली. चौदा वर्षांचं पोर, डोळे हे एवढे. आणि मी म्हटलं, मला. आणि त्याच क्षणी शेजारून आमचे हेही म्हणाले, मला. दोघं एकदम! डॉक्टर बघतच राहिला. म्हणाला, दोघांनाही? मग तर प्रश्नच मिटला. त्यावर हे गडबडले, म्हणाले, नाही नाही, मला वाटलं तुम्ही डोकेदुखीचं विचारताय. आयुष्यात एकदा तोंड उघडलं या माणसानं, तेही असं.

येताना व्हॅनमध्ये आमच्या दोघांच्या मधे बसली होती ती, मांडीवर धुतलेल्या टेबलक्लॉथचा गठ्ठा. मग म्हणाली, म्हणजे हे आपलं आहे होय. असं म्हणाली आणि माझ्यावरून वाकून खिडकीची काच खाली केलीन. बस्स. दुसऱ्या दिवसापासून अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून शाळेत. कुणी विचारलं तर सांगायची, आमच्या आईचं आहे, माझ्यावर आलंय — जसं एखादीनं सांगावं, नाक आईचं आहे. ऐटीत. आमच्या समोरची शिंपीणबाई म्हणाली, शेवटी खाण तशी माती. मला इतकं बरं वाटलं, मी तिचे दोन कोट फुकट धुऊन दिले.

बघायचंय? माझं? — हो, बघा की. पण आत्ता काही दिसायचं नाही. बसलंय. पूर्ण बसलंय. बघा, दोन्ही कोपरं. ते भिंग आणलंय होय तुम्ही, काढा, काढा. काही नाही ना? मलमाचा गुण. दर रविवारी लावतो आम्ही, आंघोळी झाल्या की. ती माझ्या कोपरांना लावते, मी तिच्या पाठीला. आधी माझं, मग तिचं, असा नेम आहे. पूर्वी ते डांबराचा वास येणारं होतं, आठवतंय ना, घरात रस्ता केल्यासारखं वाटायचं. मग ट्यूब आली. ती तर मी इतकी वर्षं लावली, इतकी लावली, की माझी कोपरंच विरली. कपडा कसा घासून घासून विरतो, आरपार दिसायला लागतं, तसं. हँगर लागला तरी रक्त यायचं. ते तिनं तीन वर्षांपूर्वी एकदा बघितलं, आणि रागावली — माझ्यावर नाही, कुणावर तरी — आणि डॉक्टरला विचारून मला दुसरं आणलंन. ते फळीवर आहे बघा, निळ्या झाकणाचं. सौम्य आहे म्हणाली, तुझ्या वयाला हेच. वासही छान येतो. आता माझ्या कोपरांइतकी मऊ कोपरं या अख्ख्या गल्लीत कुणाची नसतील, हात लावून बघा.

या या, साहेब, तुमचेच काढून ठेवलेत. पाच शर्ट, एक काळा कोट. कोटाचा खांदा झटकून दिलाय वेगळा, हो. या. — गेले. बँकेतले आहेत. त्यांनाही आहे तुमचं ते, डोक्यात. कॉलर सांगते ना. सांगत नाही मी कुणाला, आता तुम्हाला सांगितलं ते सोडा, तुम्ही काय डॉक्टरच. पण त्यांचा काळा कोट मी आधी झटकते, मगच बाकीच्या कपड्यांत टांगते. त्यांना माहीत नाही मला माहीत आहे ते. असंच असावं. — अगंबाई. बघा. बघितलंत का काय केलं मी? त्यांचे शर्ट शोधता शोधता घोट घेतला. पुन्हा अर्धा तास? थोडासाच होता हो. थंडगार, त्यात चहा म्हणण्यासारखंही काही नव्हतं. चालणार नाही? नियम म्हणजे नियम. बरं. तुम्हाला इतरही घरं करायची असतील नाहीतर, पुन्हा कधी येता का? सोमवारी? सोमवारी आम्ही — नाही, तुम्हाला आजच पाहिजे. बसा मग.

नाही, चिडत नाहीये मी. उलट मला सगळं समजून घ्यायचंय. तुम्ही सांगा, मी इस्त्री करते. तर ते जनुक म्हणजे — एक नसतं. पुष्कळ. बारीक बारीक मिळून. त्यातलं काही आईकडून, काही बापाकडून, आणि सगळी जमली तरी रोग उठेलच असं नाही. मग उठतं कशानं? घशानं. काळजीनं. जखमेनं. म्हणजे सामान सगळं आत भरलेलं असतं आणि बाहेरून कुणीतरी काडी लावावी लागते. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांतसुद्धा एकीला असतं आणि दुसरीला नसतं? काय सांगता. मग रक्त रक्त म्हणून जे सगळे नाचतात त्याला अर्थ काय राहिला? — अर्थ आहे, पण पूर्ण नाही. बरं. हे मला आवडलं. पूर्ण नाही. हे माझ्या मोठ्या नणंदेला ऐकवायला पाहिजे होतं, ती सारखी म्हणायची, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

कशावरून म्हणजे? असंच. म्हणायची आपली. अभ्यासावरून म्हणायची, उंचीवरून म्हणायची. ती सोडा.

मग माझ्या थुंकीतून तुम्हाला काय कळणार? की तिच्यातलं कुठलं कुठलं माझ्याकडून आलंय. दोघींचं शेजारी शेजारी ठेवून. म्हणजे एकमेकींशी जुळतं की नाही ते दिसतंच. लगेच? — लगेच नाही, पण दिसतं. हं. आणि ते तुम्ही तिला सांगणार? सांगत नाही कुणाला. पण ती विचारेल ना. ती सगळं विचारते. मी नाही म्हटलं असतं तुम्हाला दारातच, तरी विचारलंच असतं तिनं, आई नाही का म्हणाली? म्हणून तर — ते जाऊ दे. पेपरमिंट खाणार? मी एक घेते. अरेच्चा, तेही नाही चालत का? तोंडात टाकली मी. आता काय, पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. वय झालं, लक्षात राहत नाही.

विचारा ना, तोवर दुसरं काय विचारायचंय ते विचारा. तुमचा कोटच घेते मी हातात, शाई बरीच उतरलीये, बाह्यांवर इस्त्री फिरवते. हो. हो. सांधे दुखतात का? तिचे नाही अजून. माझे? माझे दुखतात, पण ते चादरी उचलून. नखं? तिच्या अंगठ्याच्या नखावर बारीक खड्डे आहेत, सुईनं टोचल्यासारखे. माझ्या? नाहीत, बघा. लहानपणी काही होतं का — तान्ही असताना? डोक्यावर खपली, पुरळ, लंगोटाच्या जागी लाल? ते कसं सांगणार मी, ती आली तेव्हाच दीड वर्षाची होती, चांगली चालत

थांबा.

कसला वास येतोय? — गेला. तुमचा कोट गेला, मॅडम. काय हे. तीस वर्षांत माझ्या हातून कधी कपडा करपला नव्हता. बघा, नेमकी कोपरावरची जागा, केवढा तपकिरी चट्टा. घ्या. आता तुमच्याही कोपरावर. तुमच्याकडेही आलं आपलं.

हसा, हसा. मीही हसतेय. — आता उचलली जीभ लावली टाळ्याला, ती काय परत घेता येते? ऐकलंत तुम्ही. तोंडावरून कळतंय. बसा खाली, आता तुम्हाला उठू देत नाही मी. नाही, अजून चहा नको, आता मला चहाची गरज राहिली नाही.

ज्या संस्थेतून आणली, तिथल्या चादरी आम्ही धुवायचो. आठवड्याला दोनदा जायचे मी गठ्ठे घेऊन. आणि ही एवढीशी, भिंत धरून चालायची, मागून येऊन माझं हे कोपर धरायची. बोट नाही, पदर नाही, कोपर. कारण माझ्या दोन्ही हातांवर चादरी असायच्या ना, मग खाली लोंबतं ते कोपरच. ते धरून गाडीपर्यंत यायची. आम्हाला मूल नव्हतं, आम्ही आणायचा विचार केलाय असंही नव्हतं, उगाच कशाला मोठेपणा सांगू. एक दिवस तिला सर्दी होती म्हणून ती आली नाही, आणि मी रिकाम्या कोपरानं व्हॅनपर्यंत गेले, आणि तिथंच यांना म्हटलं, ऐका. हे म्हणाले, मी ऐकलं. बस्स, एवढंच बोलणं झालं आमचं. घरी आली तेव्हा अंगात दुसऱ्याच मुलीचं नाव शिवलेला फ्रॉक होता — तिथं कपड्यांची अदलाबदल व्हायचीच, मीच धुवायचे, मला माहीत. ते नाव मी उसवून काढलं.

सांगणार होतो तिला. कोण म्हणतं नव्हतो? पाच वर्षांची झाली की सांगू. मग शाळेत रुळली की सांगू. मग चौदाव्या वर्षी, परीक्षा झाली की नक्की सांगू, असं ठरलेलं, आणि परीक्षेच्या आधी घसा आला. आता तूच सांग — तूच म्हणते बाळ, माझ्या मुलीच्याच वयाची आहेस — अंगभर चट्टे उठलेल्या, बाकावर एकट्या बसणाऱ्या पोरीला त्या डॉक्टरच्या खोलीत सांगायचं का, की बाई गं, हे कुणाचं आहे आम्हाला माहीत नाही, तूही कुणाची आहेस आम्हाला माहीत नाही? मी म्हटलं, मला. मला आहे. आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच म्हणेन. मला लाज वाटत नाही त्याची, तू कितीही मोठं भिंग आणलंस तरी.

पण अवघड होतं हं. म्हणणं सोपं, पुढं निभावणं अवघड. ती म्हणायची, दाखव ना तुझं. मग मी थंडीत कोपरं खरखरीत घासून घ्यायचे, तो आमच्याकडे कॉलर घासायचा ताठ ब्रश असतो ना, त्यानं. लाल व्हायची. मग म्हणायचे, बघ, आलं आपलं. हे बघत उभे असायचे दारात, एकदा म्हणाले, निदान पाणी लावून तरी घास. आणि मग ती मलम लावायची. चौदा वर्षांची पोर, जीभ बाहेर काढून, मन लावून, माझ्या धडधाकट कोपरांना मलम. त्या वेळी मला वाटायचं, मी जगातली सगळ्यात लबाड बाई आहे आणि सगळ्यात सुखी.

एक विचारू? खरं सांग. माझ्या या खोट्यानं तिच्या औषधात काही चुकलं नाही ना? मी आपली रात्री पडल्या पडल्या तेच घोळवते. डॉक्टरनं आईला आहे असं धरून वेगळं काही दिलं, आणि खरं वेगळंच द्यायला हवं होतं — असं? नाही? नक्की नाही? तेच दिलं असतं. बरं. बरं झालं. दे टाळी. नाही, पाणी नको, ठीक आहे मी.

आणि तुझ्या त्या कामात? तिथं चुकलं असतं. असं म्हणतेस? हजार घरांचं एकत्र करणार, आणि त्यात माझं खोटं. म्हणजे पांढऱ्या कपड्यांच्या भट्टीत एक लाल मोजा. हे मला कळतं. एका मोज्यानं अख्ख्या हॉटेलच्या चादरी गुलाबी झालेल्या मी बघितल्यात. म्हणून तर तू आल्यापासून मी घोट घोट चहा पितेय. द्यावं तर तिला कळणार, न द्यावं तर ती विचारणार, आणि दुसऱ्या कुणाची थुंकी भरून द्यावी असंही आलं मनात. खोटं कशाला बोलू, यांची द्यावी असं आलं. तर मग असं कर. माझं नावच काढून टाक त्यातून. मुलीचं ठेव, आईचं काढ. आणि तिनं विचारलं तर सांग, आईनं सारखा चहा प्यायला. विश्वास बसेल तिचा.

काय बघतेस ती ट्यूब? घे, घे बघ. औषधाचं नाव पाहिजे का तुला? मला नाही वाचता येत ते बारीक, चष्मा लावूनही नाही. ती आणते, मी लावून घेते. काय लिहिलंय?

कसलं क्रीम?

नीट वाच. लहान बाळांचं? म्हणजे नुसतं — आंघोळीनंतर लावतात ते? औषध नाहीच त्यात? काहीच नाही? तू दुसरीच ट्यूब बघत असशील. निळं झाकण. ही एकच आहे निळ्या झाकणाची. दुकानदारानं चुकून दिली असेल. पण मग दर वेळी? तीन वर्षं दर वेळी चुकेल? आणि डॉक्टरनं सांगितलं म्हणाली ती. तुझ्या वयाला हेच म्हणाली. माझं कोपर हातात धरून बसली होती त्या दिवशी, रक्त आलेलं, आणि किती तरी वेळ सोडतच नव्हती. मी म्हटलं, अगं आपलं आहे ते, होतं असं कधीकधी. तर म्हणाली, हो. माहीत आहे मला. — माहीत आहे मला म्हणाली.

म्हणजे ती डॉक्टरकडे गेलीच नव्हती.

थांब जरा. मला इस्त्री बंद करू दे. — म्हणजे तीन वर्षं. तीन की त्याच्या आधीपासून? कुठून कळलं असेल? कुणी सांगितलं? का नुसतं कोपरावरून कळलं — ब्रशाच्या रेघा सरळ असतात, आपलं असं सरळ उठत नाही, ते गोल असतं. तिच्याइतकं ते कुणाला माहीत? आणि दर रविवारी बसते समोर, झाकण उघडते, आधी माझं, मग तिचं. आई, आज आपलं बरंच बसलंय हं. तोंडावरची रेघ हलत नाही कार्टीची. मला वाटत होतं मी सांभाळतेय. आणि इथं बाळांचं क्रीम लावून कोण कुणाला सांभाळत होतं बघ. आणि तुला काय म्हणाली? आईकडे जाऊ नका. आईला त्रास देऊ नका. मी आपली समजले, माझ्या गुडघ्यांची काळजी.

रडतेय मी, हो. दिसतंय मला. दोन मिनिटं रडू दे, मग थांबते. नाही, वाईट नाही वाटत. काय वाटतंय ते मला सांगता येत नाही, आणि मला सांगता येत नाही असं आजवर झालेलं नाही. इतकी लबाड मुलगी. कुणावर गेलीये म्हणायची? — माझ्यावर. दुसऱ्या कुणावर? ते शोध म्हणावं तुझ्या नळीत.

लिही तू काय लिहायचं ते. आईला हा आजार नाही, असं लिही. आई हा शब्द तेवढा खोडू नकोस, पुढं काय वाटेल ते घाल.

ती बघ, व्हॅन थांबली. आणि बरोबर ती. तलावावरून उचललंय वाटतं यांनी. केस बघ, अख्ख्या दुकानात पाणी गाळणार आता. तुला बघितलंन तिनं. मलाही बघितलंन. ट्यूब खाली ठेव — नाही, असू दे तिथंच. तू काही बोलू नकोस, आणि निघ आता. कोट राहू दे, उद्या ये, त्या चट्ट्याचं काय करता येतं बघते, पूर्ण जायचा नाही तो. जाताना दार नीट ओढून घे, सगळी वाफ बाहेर जाते.

ये गं. या मॅडम निघाल्यातच. त्यांचा कोट करपला माझ्या हातून, म्हणून जरा — नाही, काही झालं नाही. बस. हे स्टूल घे. ती निळ्या झाकणाची ट्यूब दे इकडे. आज रविवार नाही, माहीत आहे मला. आज माझं राहू दे, बाही वर कर, आधी तुझं. आणि सांग, आज आपलं कसंय? तू बोल. मी गप्प बसते.